खमिराचं खरेदीखत

वकील नॉयबर्गरांनी कागद टेबलावरून सरकवला, त्यावर पेन ठेवलं आणि म्हणाले, "घ्या थेक्लाबाई, सही ठोका. उद्या जेवणाच्या सुट्टीआधी माल्टघर तुमचं."

थेक्ला फ्रेंकेल, माहेरची उलमान. कालच मँचेस्टरहून दोन दिवसांचा प्रवास करून आली होती आणि पाय अजून बुटात मावत नव्हते. तिने कागद खिडकीकडे धरून वाचला: माझे वडील कै. लाझारुस उलमान, राहणार वाइसेनग्रुंड, यांनी पंधरा एप्रिल एकोणीसशे अडतीस रोजी कास्पर डॉर्श यांच्याशी केलेला विक्रीचा व्यवहार केवळ धार्मिक रिवाजापुरता व दिखाऊ होता. मालकी देण्याचा त्यांचा हेतू कधीही नव्हता.

"दिखाऊ?" ती म्हणाली.

"दिखाऊ. नावापुरता. कायद्यात तोच शब्द आहे."

"बाबांनी हे ऐकलं असतं ना, तर तुम्हाला जिन्यावरून खाली ढकललं असतं."

"तुमचे बाबा असते तर हा कागद करायची वेळच आली नसती."

नॉयबर्गर असेच बोलायचे. युद्धाची वर्षं त्यांनी शांघायमध्ये टाइपरायटर दुरुस्त करून काढली होती, आणि गोड बोलायची सवय बहुधा तिथेच ठेवून आले होते. पण माणूस कामाचा. गेल्या वर्षभरात त्यांनी युद्धाआधी ज्यूंच्या हातून गेलेली अकरा घरं, दोन दुकानं आणि एक चामड्याचा कारखाना मूळ मालकांच्या पोराबाळांना परत मिळवून दिला होता.

थेक्लाची गोष्ट तशी सरळ होती. पण सरळ गोष्ट म्हटली की कायदा गोंधळतो, त्याला वाकडंच बरं कळतं.

उलमानांचं माल्टघर तीन पिढ्यांचं. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, भट्टीवर वाळवायची आणि बिअरवाल्यांना पुरवायची. आता ज्यूंच्या वल्हांडण सणाचे आठ दिवस घरात खमीर, म्हणजे आंबवलेलं धान्य, चालत नाही. नुसतं खायचं नाही एवढंच नव्हे, मालकीचंसुद्धा असता कामा नये. पावाचा चुरा असेल तर झाडून जाळता येतो. पण भिजलेल्या बार्लीची चारशे पोती? ती दर वर्षी जाळायची म्हटली तर तिसऱ्या वर्षी हातात वाडगाच यायचा. म्हणून जुन्या लोकांनी वाट काढून ठेवलेली आहे. सणाच्या आदल्या सकाळी सगळं परधर्माच्या माणसाला विकून टाकायचं आणि सण संपला की त्याच्याकडून परत विकत घ्यायचं. विक्री मात्र खरी हवी. किंमत ठरवायची, इसार घ्यायचा, कागद करायचा, किल्ली द्यायची. पोत्यांबरोबर इमारतही विकायची, म्हणजे शंकेला जागा नको.

वाइसेनग्रुंडमध्ये हा घेणारा नेहमी समोरच्या कोपऱ्यावरचा डॉर्श. आधी म्हातारा डॉर्श, मग त्याचा मुलगा कास्पर. कॅथलिक माणसं, घोडागाडीवाले. उलमानांची पोती वाहून न्यायची आणि वर्षातून आठ दिवस त्याच पोत्यांची मालकी करायची.

अडतीस साली वल्हांडणाची संध्याकाळ नेमकी गुड फ्रायडेला आली. कास्पर चर्चमधून तसाच काळ्या कोटात आला, वीस मार्क इसार टेबलावर ठेवला, कागद आणि किल्ली घेऊन गेला. सणाच्या पाचव्या दिवशी पोलिसांनी लाझारुस उलमानला उचललं. सण संपला त्या संध्याकाळी परत मागायला जाणारं कोणी उरलंच नव्हतं. थेक्लाची आई कधीच गेली होती. थेक्ला नवऱ्याबरोबर न्यूरेंबर्गला होती, व्हिसासाठी रांगा लावत. डिसेंबरात डाखाउच्या छळछावणीतून बाबा गेल्याची छापील चिठ्ठी आली, तारीख तेवढी हाताने भरलेली. पुढच्या वसंतात कास्परने आपला कागद सरकारी कचेरीत नेला. त्या काळातल्या साहेबांना खाली ज्यूची सही आणि वर ख्रिस्ती नाव दिसलं की पुरे. त्याने थोडे पैसे सरकारी खात्यात भरले आणि जमिनीच्या दप्तरात माल्टघर कास्पर डॉर्शच्या नावावर चढलं. तोवर थेक्ला मँचेस्टरला एका डॉक्टरच्या घरी स्वयंपाकीण होती आणि तिचा नवरा सिगबर्ट त्याच घरचा माळी.

"पण कायदा तर आपल्या बाजूचा आहे ना?" थेक्ला म्हणाली. "त्या वर्षांत ज्यू माणसाने विकलं म्हणजे जबरदस्तीनेच विकलं, असं धरतात म्हणे."

"धरतात. पण समोरचा वकील म्हणतो, ही विक्री अठराशे चौऱ्याण्णवपासून दर वर्षी होतेय. कैसर होता तेव्हा झाली, तो गेला तेव्हा झाली. मग जबरदस्ती कोणाची? मोझेसची? आणि त्या डॉर्शने सगळे जुने कागद जपून ठेवलेत. सिगारच्या पेटीत. एकूण एक कागदावर तुमच्या आजोबांची नाहीतर बाबांची सही." नॉयबर्गरांनी बोटांवर मोजायला घेतलं. "तुम्ही व्यवहार खरा म्हणालात, तर तो जबरीचा होता का यावर वाद. किंमत खरोखर पोचली का यावर वाद. मग वरचं कोर्ट, त्यावर अमेरिकनांचं कोर्ट. जिंकाल, पण चार वर्षं धरून चला. दिखाऊ म्हणालात तर तो कागदच रद्द. उद्याच्या उद्या संपलं."

चार वर्षं सिगबर्टकडे नव्हती. मँचेस्टरला ते तळघरात राहत. भिंतींना ऑक्टोबर ते मे घाम फुटलेला असायचा आणि त्याच्या छातीत सुरवातीला शिट्टी वाजायची ती आता करवत चालल्यासारखी वाजत होती. डॉक्टरांनी थेक्लाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, या खोलीत अजून दोन हिवाळे म्हणजे खूप झाले. टेकडीकडच्या बाजूला एक कोरडं घर बघून ठेवलेलं होतं, खाली दुकान, वर राहायला जागा. घरमालक नाताळपर्यंत थांबणार होता. इकडे एक बिअरवाला माल्टघर घ्यायला तयार होता, आणि तोटा सोसून का होईना पण मार्कांचे पौंड करून देणारा माणूस नॉयबर्गरांच्या ओळखीत होता. सगळं जुळलेलं होतं. सही तेवढी बाकी.

"मी सही केली," थेक्ला हळूच म्हणाली, "म्हणजे असं झालं की, चाळीस वर्षं सणाच्या आठही दिवसांत बाबांच्या मालकीचं खमीर घराशेजारी उभं होतं, आणि ते आपले टेबलाशी बसून बेखमीर भाकरीवर आशीर्वाद म्हणत होते. देवाला टोपी घालत होते."

"देव साक्षीला येणार नाहीये, थेक्लाबाई."

"तुम्हाला बाबा माहीत नाहीत. पोत्यात दोन पौंड कमी भरलं तर अर्धा दिवस गाडी हाकत जाऊन देऊन यायचे."

तिचं स्वतःचं देवाशी फारसं बोलणं नव्हतं. धर्माचं सगळं सिगबर्ट बघायचा. पण बाबांचं होतं, रोजचं होतं, आणि मेलेल्या माणसाच्या वतीने ते मोडायचा हक्क आपल्याला कुणी दिला, हे तिला कळेना. तिने कागद सही न करताच पर्समध्ये घातला.

दुपारी ती बसने वाइसेनग्रुंडला गेली. नॉयबर्गरांनी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, म्हणूनच गेली.

माल्टघराच्या अंगणात एक तिशीची बाई पिंपापुढे बसून कोबी किसत होती. वाळवणीच्या मजल्याला आता खिडक्या होत्या आणि खिडक्यांना पडदे.

"कोण हवंय?"

"मी थेक्ला. उलमानांची."

बाईचा हात थांबला नाही. "वाटलंच मला. बूट बघूनच वाटलं. मी क्रेसेन्स, कास्पर डॉर्शची सून. सासरे बटाट्याच्या शेतावर गेलेत. बघायचं असेल तर बघून घ्या, तिकीट नाहीये. छप्पर नवं आहे हं. पंचेचाळीसला तोफेचा गोळा बसला, तेव्हा सातवा महिना असताना मी शिडीवर चढून कौलं लावलीत. ते पण लावा म्हणावं तुमच्या वकिलाला हिशोबात."

"नवरा?"

"रशियात. शेवटच्या रजेवर आला होता, तो गेला तो गेलाच. चिठ्ठी नाही, काही नाही."

"माझ्या वडिलांची चिठ्ठी आली होती," थेक्ला म्हणाली. हे आपण का बोललो, तिचं तिलाच कळलं नाही.

क्रेसेन्सने आता मान वर केली. "मी तेव्हा सतरा वर्षांची, दुसऱ्या गावची. मी काही केलेलं नाही."

"मी कुठे म्हणतेय?"

"म्हणत नाही, पण उद्या घर घेणार आहात. दोन पोरं घेऊन मी कुठं जाऊ, तेवढं सांगून जा."

थेक्लालाही या देशातून जा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा कुठं जाऊ हे विचारायची सोय नव्हती, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण कोबी किसणाऱ्या बाईला ते ऐकवून काय मिळणार? ती भिंती बघायला आली होती आणि समोर नांदतं घर निघालं. पाचच्या बसने ती परतली.

सुनावणी जुन्या शाळेच्या वर्गात होती, कारण कोर्टाची इमारत अजून अर्धीच उभी होती. न्यायमंडळाचे अध्यक्ष मेर्क यांना सर्दी झालेली होती आणि ते सारखे नाक पुसत होते. कास्पर डॉर्श पहिल्या बाकावर, काळ्या कोटात, सत्तरीचा. मागे क्रेसेन्स. त्याने थेक्लाकडे बघून मान हलवली, लहानपणी गाडीवरून हलवायचा तशीच, आणि मग आपल्या वकिलाकडे बघून अवघडला.

"डॉर्श," मेर्क म्हणाले, "मला नीट समजू द्या. तुम्ही हे माल्टघर दर वर्षी विकत घेत होता?"

"होय साहेब."

"आणि दर वर्षी परत विकत होता?"

"ते विचारायला यायचे. मग विकायचो."

"आणि विचारायला आलेच नसते तर?"

"तर माझं."

"आले असते आणि तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

"तरी माझंच! साहेब, हेच तर उलमानसाहेब दर वर्षी माझ्याकडून घोकून घ्यायचे. 'कास्पर, हे नाटक नाही. तुला नाही म्हणायचा हक्क आहे. म्हण बघू, मी नाही म्हणू शकतो.' मला म्हणायला लावायचे. म्हटल्याशिवाय किल्ली हातात द्यायचे नाहीत." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला होता. "गावात सगळे हसायचे मला, आठ दिवसांचा सावकार म्हणून. हसू देत. गाडीवाला होतो मी, पण ते आठ दिवस दोन्ही वेळा किल्ली खिशात घालून अंगणातून चक्कर मारायचो. पोती मोजायचो. माझीच होती ना!"

"आणि म्हणालात कधी नाही?"

"छे. एकदा तेवढं, सव्वीस साली. माझा घोडा मेला होता, डोकं फिरलेलं होतं. ते हॅट हातात घेऊन दारात आले, तर म्हटलं, उद्या सांगतो. बस, एवढंच. सकाळी परत आले तेव्हा डोळे असे सुजलेले. मी घाबरून लगेच हो म्हटलं."

थेक्लाला ती रात्र आठवली. बाबा खिडकीशी उभे होते आणि आई म्हणाली होती, पोट बिघडलंय त्यांचं, झोप तू. एकवीस वर्षांची होती ती आणि तिने विश्वास ठेवला होता. बाबांना भीती वाटत होती. चाळीस वर्षं दर वर्षी त्या दारापर्यंत जाताना त्यांना खरोखर भीती वाटत असणार, कारण त्यांनी खरोखर विकलेलं असायचं.

"तर माननीय अध्यक्ष," डॉर्शचा वकील उठून म्हणाला, "यात जबरदस्ती आहे कुठे?"

मेर्क थेक्लाकडे वळले. "फ्रेंकेलबाई, तुमच्या वकिलांनी कळवलंय की तुम्ही प्रतिज्ञापत्र देणार आहात. हा व्यवहार दिखाऊ होता असं तुमचं म्हणणं आहे का?"

नॉयबर्गरांनी टेबलाखालून तिच्या बुटाला बूट लावला. थेक्ला उभी राहिली.

"मला आधी डॉर्शकाकांना एक विचारायचंय."

"विचारा."

तिने पर्समधून वीस मार्कांची नोट काढली आणि जाऊन त्याच्या पुढ्यात ठेवली. बाबांचे शब्द तिला पाठ होते, लहानपणी ती त्यांचा हात धरून त्या दारात गेलेली होती.

"कास्पर डॉर्श, सणाआधी तुम्हाला जे विकलं, ते मला परत विकाल का? तुम्हाला नाही म्हणायचा हक्क आहे."

नॉयबर्गरांनी डोळे मिटून घेतले. थेक्लाला मात्र खात्री होती. काल बसमध्ये बसून तिने हाच विचार केला होता. आजवर त्याला वकिलांच्या नोटिसा गेल्या, सरकारी समन्स गेली, चोर म्हणून झालं, लुटारू म्हणून झालं. पण रीतीप्रमाणे विचारलं कोणी? कोणीच नाही. आपण विचारायचं. तो हो म्हणेल, व्यवहारही खरा, बाबाही खरे, आणि नाताळच्या आत घर.

कास्परने नोटेकडे पाहिलं. मग मागे वळून सुनेकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती.

"नाही," तो म्हणाला.

"काका..."

"नाही, पोरी. अडतीस साली तुझा बाप आला असता तर हसत दिलं असतं. शेहेचाळीसला तू आली असतीस तरी बहुतेक दिलं असतं. आता तिथं माझी नातवंडं झोपतात. मला नाही म्हणायचा हक्क आहे ना? मग नाही."

थेक्लाला कानशिलात बसल्यासारखं झालं. आणि त्याच क्षणी, हे सांगायलाच हवं, तिला हलकंही वाटलं. छप्पन्न वर्षांत त्या घराण्यातून आलेला हा पहिला नकार. बाबा खरे होते. नाटक असतं तर नाही म्हणता आलंच नसतं. एका शब्दात बाबांची अब्रू राहिली आणि एका शब्दात घर गेलं.

ती जागेवर येऊन बसली. नॉयबर्गर कुजबुजले, "झालं समाधान? आता काय करायचं?"

थेक्लाच्या डोक्यात ती करवत चालू झाली होती. सिगबर्ट खोकून झालं की भिंतीला हात लावून उभा राहायचा आणि मग तोच हात लगद्यासारख्या ओल्या पंच्याला पुसायचा आणि म्हणायचा, "काही नाही गं, धुकं गेलं घशात." जीव वाचवायचा असेल तर सणही मोडावा असं धर्मातच आहे, हे त्यानेच तिला कधीतरी सांगितलं होतं. बापाचा शब्द मोडावा का, ते मात्र सांगितलं नव्हतं, आणि आता विचारायला वेळ नव्हता. तिने पर्स उघडली, कागद काढला, पेन मागून घेतलं आणि सही केली.

मेर्क यांनी कागद वाचला. "शपथेवर तोंडी सांगावं लागेल."

ती उभी राहिली, हात वर केला. "माझ्या वडिलांनी केलेला व्यवहार दिखाऊ होता."

"मालकी देण्याचा त्यांचा हेतू होता?"

"नव्हता."

"अडतीस साली?"

"कुठल्याच साली नव्हता."

"खोटं आहे!" कास्पर डॉर्श ताडकन उठला. "साहेब, ही खोटं बोलतेय! लाझारुस उलमान असा माणूस नव्हता! तो मला विकायचा म्हणजे विकायचा! देवासमोर खोटं करील असा माणूस नव्हता तो, आख्ख्या जिल्ह्यात विचारा!"

"खाली बसा, डॉर्श."

"बसत नाही! घर घ्यायचं तर घ्या म्हणावं, पण त्याला खोटा पाडू नका! मी ओळखत होतो त्याला!"

त्याच्या वकिलाने त्याला कोटाला धरून खाली ओढलं. म्हातारा रडत होता. थेक्लाला वाटलं, उठावं आणि त्याला घट्ट मिठी मारावी. आणि वाटलं, त्याचाच गळा धरावा. बाबांच्या बाजूने बोलणारा जगात हा एकच माणूस उरला होता, आणि आपण त्याच्याविरुद्ध शपथेवर उभे होतो.

निकालाला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. व्यवहार मुळातच रद्द, माल्टघर वारसाला परत, क्रेसेन्स डॉर्श आणि मुलांना मेअखेरपर्यंत राहायची मुभा. नॉयबर्गरांनी तिचा हात हलवून हलवून दाबला आणि पुढच्या अशिलाकडे गेले.

जिन्यावर कास्पर थांबलेला होता. क्रेसेन्स दोन पायऱ्या खाली, पाठ करून.

"तुमचे वीस मार्क राहिले टेबलावर," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला तुम्ही म्हटलं.

"ते तुमचेच आहेत काका. इसाराचे. व्यवहार झालाच नाही असं ठरलंय, मग ते परत करायला नकोत?"

"बापाला काय वाटेल, याचा विचार केलात?"

"मी तुम्हाला विचारलं होतं. सगळ्यांसमोर, रीतीप्रमाणे. हो म्हणाला असतात तर सहीला हातसुद्धा लावला नसता."

मग सुनेचा हात धरून तो एकेक पायरी उतरत गेला. थेक्लाने पोस्टात जाऊन मँचेस्टरला तार केली, मिळालं. एकच शब्द. जास्त शब्दांना जास्त पैसे पडले असते, पण एकच लिहायचं ते कारण नव्हतं.

घर नाताळच्या आठ दिवस आधी ताब्यात आलं. कोरड्या भिंती, वर ऊन येणाऱ्या दोन खोल्या, खाली किराणा दुकान. पहिल्या वसंतात दुकानात नुसती साबणं आणि चहा होता. दुसऱ्या वसंतापर्यंत मात्र ते फळ्या वाकतील इतकं भरलं. बिस्किटांचे डबे, शेवया, ओट, दोन फळ्या भरून बिअर. सिगबर्टचा खोकला सकाळपुरता उरला होता आणि तो पुन्हा शीळ घालायला लागला होता, बेसूर.

वल्हांडणाच्या तीन दिवस आधी तो कागद घेऊन बसला. "थेक्ला, यादी करतोय हं. सिनेगॉगचे रब्बी उद्या सगळ्यांच्या याद्या गोळा करणार आहेत. यंदा घेणारा पोस्टमन आहे म्हणे. पंच्याहत्तर दुकानांचं खमीर एकटा घेणार, ऐट बघ त्याची!"

थेक्ला तळघरातून रिकामी खोकी वर आणत होती. तिने बिस्किटांचे डबे एकेक करून खोक्यात भरायला घेतले.

"हे काय करतेस?"

"शेजारच्या ब्रेननबाईंना देतेय. त्यांची सात पोरं आहेत. उरलेलं त्यांच्या चर्चमधल्या गरिबांच्या जेवणघरात."

"देतेस? म्हणजे फुकट?"

"फुकट."

"अगं, साठ पौंडांचा माल आहे! डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आख्खी गल्ली विकते. नऊ दिवसांनी सगळं जागच्या जागी परत. रब्बी स्वतः सांगतात, हा व्यवहार शंभर टक्के खरा असतो म्हणून."

"बरोबर सांगतात."

"मग?"

थेक्लाने डब्याचं झाकण दाबून बसवलं. दीड वर्षात त्याने तीनदा विचारलं होतं, इतक्या लवकर कसा लागला गं निकाल, आणि तिने तिन्ही वेळा नॉयबर्गरांच्या हुशारीचं कौतुक केलं होतं.

"मला नाही विकता येणार, सिगबर्ट," ती म्हणाली. "हा व्यवहार खोटा असतो असं मी शपथेवर सांगून आलेय. बाबांच्या नावाने. घर त्यावर मिळालंय."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग खाली जमिनीकडे, वर छताकडे, कोरड्या भिंतींकडे. त्याने यादीची घडी घालून ती खिशात ठेवली, बाह्या वर केल्या आणि बिअरची पहिली पेटी उचलून ब्रेननबाईंच्या दाराकडे निघाला.